शाळेचा निकाल कोठे ठरतो?



या व्याख्यानमालेचे निमंत्रण देताना संयोजकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपविली. मी आयुष्यभर मराठी भाषा आणि साहित्य शिकविले. तेव्हा संतवाङ्मय किंवा नवकथा असा एखादा विषय मी घेईन, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु ज्या शाळेच्या प्रांगणात आपण जमलो आहोत, तिच्या आसपासच्या वस्त्यांतील मुले दहावीपर्यंत पोहोचतात की नाही, आणि पोहोचली तर कोणत्या अवस्थेत पोहोचतात, हा प्रश्न साहित्याच्या प्राध्यापकालाही टाळता येण्यासारखा नाही. वाचणाराच उरला नाही तर वाङ्मय कोणासाठी? शिवाय ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते फळ्याइतकेच हजेरीपटाला जपत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. त्या हजेरीपटाचा धागा धरूनच मी आज बोलणार आहे.

दहावीचा निकाल लागला की आपल्या सीमाभागात एक ठरलेला विधी सुरू होतो. वृत्तपत्रांत शाळांच्या टक्केवारीचे रकाने छापून येतात. शंभर टक्के निकाल लावणाऱ्या शाळेच्या दारात फलक लागतो, पेढे वाटले जातात. ज्या शाळेचा निकाल पन्नास टक्क्यांवर अडकला तिच्या मुख्याध्यापकांना नोटीस येते. दोन्ही शाळांमधील अंतर कधी कधी चालत दहा मिनिटांचे असते. अभ्यासक्रम एकच, पाठ्यपुस्तक एकच, प्रश्नपत्रिका एकच. मग निकाल इतका निराळा का? ‘तेथील शिक्षक शिकवीत नाहीत’ असे एक उत्तर मिळते आणि ‘तेथील मुलेच तशी’ असे दुसरे. ही दोन्ही उत्तरे आळशी आहेत. माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे आहे: शाळेचा निकाल जाहीर होतो शाळेच्या फलकावर, परंतु तो बऱ्याच अंशी ठरतो मुलाच्या संध्याकाळी.

प्रथम आकड्यांकडे पाहू. कर्नाटकात २०२४ साली एस.एस.एल.सी. परीक्षेत उडुपी जिल्ह्याचा निकाल ९४ टक्के लागला आणि यादगिरीचा ५०.५९ टक्के. एकाच राज्यातील, एकाच मंडळाच्या दोन जिल्ह्यांत त्रेचाळीस टक्क्यांहून अधिक अंतर. आता यादगिरीची मुले उडुपीच्या मुलांहून जन्मतः मंद आहेत, असे कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही. उडुपीच्या किनाऱ्यावर शाळा, बँका, दवाखाने आणि वाचनाची परंपरा पिढ्यान् पिढ्या रुजलेली आहे. यादगिरी हा कोरडवाहू शेतीचा आणि पोटासाठी मुंबई-बंगळूर गाठणाऱ्या मजुरांचा प्रदेश आहे. राज्याच्या विकासातील हा असमतोल मोजण्यासाठी डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने २००२ साली अहवाल दिला आणि तेव्हाच्या १७५ तालुक्यांपैकी ११४ तालुके मागासलेले ठरविले. मागासलेपणाचा नकाशा आणि निकालाचा नकाशा शेजारी ठेवले, तर दोन्ही एकाच हाताने काढलेले वाटतात.

या आकड्यांनाही किती मान द्यावयाचा, याचा विचार करायला हवा. २०२३ साली राज्याचा निकाल ८३.८९ टक्के होता. २०२४ साली परीक्षाकेंद्रांवर कॅमेऱ्यांद्वारे थेट देखरेख सुरू झाली, आणि नेहमीपेक्षा अधिक कृपागुण देऊनही निकाल ७३.४० टक्क्यांवर आला. एका वर्षात मुलांची बुद्धी दहा टक्क्यांनी कमी झाली, असे घडत नाही. टक्केवारी ही तराजूतून उतरलेली वस्तू नव्हे. तिच्यात देखरेख, कृपागुण, शाळेचे धोरण आणि घरची परिस्थिती अशा अनेक गोष्टी मिसळलेल्या असतात.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. बेळगाव हा महसुली दृष्टीने एक जिल्हा असला, तरी शिक्षणखात्याने त्याचे बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे केले आहेत. निपाणी चिक्कोडीत मोडते. या जिल्ह्याला शिक्षणाची परंपरा नाही, असे कोण म्हणेल? १९१६ साली काही शिक्षकांनी येथे कर्नाटक लिंगायत शिक्षण संस्था उभारली. त्याच संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून येथे आहे. १९९८ साली विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावला आले, २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. आपल्या मराठीच्या बाजूने पाहिले तर राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात पु. ल. देशपांडे यांनी अध्यापन केले, आणि अध्यापिका घडविण्याचे काम इंदिरा संतांनी याच शहरात वर्षानुवर्षे केले. म्हणजे शिखर आहे, आणि ते झळझळीत आहे. प्रश्न पायथ्याचा आहे. ज्या शहरात देशभरातून डॉक्टर आणि इंजिनियर होण्यासाठी मुले येतात, त्याच शहरातील वडगाव, खासबाग, शहापूर येथील विणकरांच्या गल्लीतील मुलगा सातवीनंतर मागाच्या खटखटाटात हरवतो, हे आपले वास्तव आहे.

निपाणीचे वास्तव तंबाखूच्या वासाचे आहे. वेदगंगा आणि दूधगंगेच्या काठच्या काळ्या जमिनीत विडीची तंबाखू पिकली, तिच्यावर वखारी उभ्या राहिल्या, आणि या वखारींत चाळण्या-कुटण्याचे काम हजारो स्त्रियांनी केले. १९८० च्या सुमारास सुभाष जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्त्रियांना संघटित केले. त्या लढ्यावर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट १९८२ साली निघाला, आणि अनिल अवचटांनी या स्त्रियांचे जिणे मराठी वाचकांपुढे ठेवले. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडविला आणि ६ एप्रिल रोजी झालेल्या गोळीबारात १२ शेतकरी बळी पडले. येथील कष्टकऱ्यांचे जग कथा-कादंबऱ्यांतून उभे करणारे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवीत लिहीत राहिले. २०२४ साली ते गेले. हा सारा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. मात्र त्या वखारीतील बाईचे मूल कोणत्या इयत्तेपर्यंत शिकले, हा प्रश्न आपल्या अभिमानाच्या यादीत क्वचितच असतो.

त्या मुलाची, आणि विशेषतः मुलीची, संध्याकाळ कशी असते ते पाहा. शाळा सुटली की दप्तर खुंटीला लागते. भिजवलेली तेंदूची पाने कापायची असतात. आई विड्या वळते, मुलगी पाने कापून देते, धाग्याने बांधते, जुड्या लावते. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते आणि कमी प्रतीच्या म्हणून बाजूला काढलेल्या विड्या त्या हिशेबात धरल्या जात नाहीत. तेव्हा मुलीची बोटे हा त्या घराचा चैनीचा नव्हे, गरजेचा भाग असतो. धाकटे भावंड मांडीवर, चुलीवर आमटी, खोली एकच आणि दिवाही एकच. अभ्यासाला बसायचे तर रात्रीचे दहा वाजतात, आणि तोवर डोळे मिटू लागतात. दुसऱ्या दिवशी वर्गात तिला डुलकी लागली की शिक्षक वहीत शेरा लिहितात: ‘अभ्यासाकडे लक्ष नाही.’ शेरा खोटा नाही, पण तो अपुरा आहे.

असेच चित्र थोड्या फरकाने सर्वत्र दिसते. उसाच्या हंगामात मजुरांबरोबर त्यांची मुलेही फडावर जातात आणि ती परततात तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली असते. खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात ओढे भरले की शाळेची वाटच बंद होते. घरातला कर्ता गोव्याला कामाला गेलेला असतो आणि थोरल्या मुलाला चौदाव्या वर्षीच घरचा पुरुष व्हावे लागते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात नदीकाठच्या घरांत पाणी शिरले, तेव्हा धान्याबरोबर वह्या-पुस्तकेही गेली. यल्लम्माच्या नावाने सोडलेल्या स्त्रियांच्या मुलांना तर शाळेच्या दाखल्यावरील वडिलांच्या नावाचा रकानाच उंबऱ्याशी अडवीत असे. देवदासी प्रथेला बंदी घालणारा कायदा कर्नाटकाने १९८२ साली केला, पण त्या रकान्याची लाज मुलांनी त्यानंतरही दीर्घकाळ सोसली.

करोनाच्या काळाने तर ही गोष्ट प्रयोगासारखी सिद्ध करून दाखविली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पहिली ते पाचवीचे वर्ग थेट ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडले. दीड वर्षाहून अधिक काळ मुलाचा सबंध दिवसच संध्याकाळ झाला. ज्या घरात पुस्तके होती, फोन होता, विचारायला शिकलेले माणूस होते, त्या घरातले मूल थोडे मागे पडले. जेथे यांपैकी काहीच नव्हते, तेथील मूल अक्षरे विसरले. शाळा दोघांचीही बंद होती. फरक पडला तो घराने.

आता भाषेचा मुद्दा. सीमाभागातील मंडळींना तो सर्वांत जवळचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम आणले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, ही जबाबदारी राज्यावर टाकली. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २०१५ च्या कायद्याने कर्नाटकात कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकणे सर्व शाळांना टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. या प्रश्नावर आपण मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिले. परंतु याच प्रश्नाची एक बाजू आपण फारशी बोललो नाही. दहावीच्या ६२५ गुणांपैकी ३२५ गुण वर्षानुवर्षे तीन भाषांचे राहत आले, म्हणजे निम्म्याहून अधिक. मराठी माध्यमाच्या मुलाला मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांचा डोंगर चढावा लागतो. ज्या घरात वृत्तपत्र येते, शिकवणी लावता येते, त्या घरातील मूल तिन्ही भाषांत तरून जाते. बहुभाषिकपणा हे तर बेळगावचे वैभवच आहे. पण वखारीतील बाईच्या मुलाला प्रमाण मराठी हीच अर्धी परकी असते. पुस्तकी कन्नड आणि इंग्रजी त्याला केवळ फळ्यावर भेटतात. म्हणजे भाषेचा बोजा सर्वांवर सारखा दिसला, तरी तो वाहणारे खांदे सारखे नसतात. आणि हे दुःख केवळ मराठी मुलाचे नाही. त्याच गल्लीतील कन्नड आणि उर्दू शाळेतील गरीब मुलांचे निकालही असेच घसरतात. दारिद्र्याला मातृभाषा नसते.

मी भाषेचा शिक्षक असल्याने काही शब्दांकडे आपले लक्ष वेधतो. शाळा सोडणाऱ्या मुलांसाठी आपण ‘गळती’ हा शब्द वापरतो. पान गळते, नळ गळतो, छप्पर गळते. गळण्याला कर्ता लागत नाही. ते आपोआप होते, त्यात कोणाचा दोष नाही, असे तो शब्द हळूच सुचवितो. पण मराठीत ‘गळणे’ या क्रियापदाच्या शेजारीच ‘गाळणे’ हे क्रियापद बसलेले आहे, आणि त्याला मात्र कर्ता लागतो. कोणीतरी गाळतो, म्हणून काहीतरी गाळले जाते. आपल्या शाळांतून मुले गळतात की गाळली जातात, हा प्रश्न व्याकरणाचा नाही, नीतीचा आहे. दुसरा शब्द ‘ढ’. ब्राह्मीपासून आजपर्यंत या अक्षराचे वळण फारसे बदलले नाही, म्हणून न बदलणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणू लागले, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. खरी असो वा नसो, ती आपला दृष्टिकोन नेमका सांगते. हे मूल बदलणार नाही, असे आपण आधीच ठरविलेले असते.

गाळणी कशी चालते, हे एका हिशेबाने पाहू. हा हिशेब काल्पनिक आहे. समजा, एका शाळेत आठवीला ४० मुले आली. कच्ची मुले नववीत मागे ठेवली, काहींना ‘बाहेरून फॉर्म भरा’ म्हणून सांगितले, काहींच्या पालकांच्या हाती दाखला दिला. दहावीला २६ बसली आणि २६ उत्तीर्ण झाली. निकाल शंभर टक्के. दुसऱ्या शाळेतही आठवीला ४० आली. तिने कोणाला सोडले नाही. दहावीला ३८ बसली आणि २७ उत्तीर्ण झाली. निकाल ७१ टक्के. पहिल्या शाळेच्या दारात फलक लागेल, दुसरीला नोटीस येईल. पण चाळीस मुलांपैकी अधिक मुले पैलतीरी कोणी नेली? दुसऱ्या शाळेने. आपले मोजमाप असे उलटे आहे. ज्या नाविकाने बुडणाऱ्यांना होडीत घेतलेच नाही, त्याचा आपण सत्कार करतो. मी कोणत्याही एका शाळेकडे बोट दाखवीत नाही. टक्केवारीवर अनुदान, प्रतिष्ठा आणि प्रवेश ठरू लागले की गाळणी हाती धरण्याचा मोह कोणालाही होतो.

येथे कोणी म्हणेल, निकाल जर घरीच ठरत असेल तर शाळेने करावे काय? हा प्रश्न जगात इतरत्रही विचारला गेला आहे. १९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन यांनी सुमारे ४ हजार शाळांतील ६ लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांची पाहणी केली. शाळेच्या इमारतीपेक्षा आणि साधनांपेक्षा घरची पार्श्वभूमी आणि सोबतची मुले यांचा प्रभाव अधिक असतो, असे त्यांना आढळले. अनेकांनी त्यातून निराशेचा निष्कर्ष काढला. परंतु पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील प्लाउडेन समितीने नेमका उलटा सल्ला दिला. ज्या वस्तीत दारिद्र्य अधिक, तेथील शाळेला इतरांइतके नव्हे, इतरांहून अधिक द्या, असे तिने सांगितले. समान वाटप म्हणजे न्याय नव्हे, हे तिचे सार. आपल्याकडे कोठारी आयोगाने याच काळात शेजारशाळेची कल्पना मांडली. श्रीमंताचे आणि गरिबाचे मूल एकाच परिसरातील एकाच शाळेत बसावे, अशी ती कल्पना होती. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या शेजारच्या आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे. समता, गुणवत्ता आणि संख्या या त्रिकोणाचा मेळ भारतीय शिक्षणाला का साधला नाही, याचा शोध त्यांनी १९७५ साली एका पुस्तकात घेतला. तो त्रिकोण आजही जुळलेला नाही.

निराशेचे खरे उत्तर मात्र आपल्या मातीतच आहे. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. रयतेच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, असे सांगून बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. आजचे रायबाग त्या वेळी त्याच संस्थानात होते. पण महाराजांची खरी दूरदृष्टी त्याआधीच, १९०१ पासून उभारलेल्या वसतिगृहांत दिसते. खेड्यातील मुलाला शाळेत नाव घातले की काम संपत नाही, तो संध्याकाळी कोठे जेवतो, कोणत्या दिव्याखाली बसतो आणि कोणाच्या सोबतीत झोपतो, यावर त्याचे शिक्षण ठरते, हे त्यांनी ओळखले होते. कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तिचाही प्राण वसतिगृह हाच होता. १९२५ च्या एप्रिलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली निपाणीला मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली. पुढे धारवाडच्या दलित विद्यार्थी वसतिगृहाची जबाबदारी निपाणीच्याच बळवंतराव वराळे यांनी सांभाळली. या सर्वांनी काय केले? त्यांनी मुलाची बुद्धी बदलली नाही, त्याची संध्याकाळ बदलली. बुद्धी त्याच्याकडे होतीच.

शासनाने काही केले नाही, असे मी म्हणणार नाही. २००२-०३ पासून कर्नाटकात ‘अक्षर दासोह’ योजनेतून दुपारचे जेवण सुरू झाले. आपल्या मुलांनी त्याचे ‘बिसियूट’ हे कन्नड नाव आपलेसेही केले. २००६-०७ पासून आठवीच्या मुलामुलींना अनेक वर्षे सायकली मिळाल्या. २०१३ पासून ‘क्षीरभाग्य’ योजनेतून दूध मिळू लागले. या योजनांनी मुलाची सकाळ सावरली, दुपार सावरली, शाळेची वाट सावरली. राहिली ती संध्याकाळ. १९९६-९७ पासून मोरारजी देसाई निवासी शाळा निघाल्या आणि त्यांनी अनेकांचे भले केले. पण तेथेही प्रवेशपरीक्षा आहे. जे मूल ती परीक्षा देण्याइतपत तयार आहे ते आत जाते. ज्याला वसतिगृहाची सर्वाधिक गरज, ते पुन्हा बाहेरच राहते.

या साऱ्यात आपल्या मराठी शाळांचे भवितव्य गुंतलेले आहे, आणि म्हणून हा विषय मला केवळ करुणेचा वाटत नाही, अस्तित्वाचा वाटतो. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा मानला. हक्क योग्यच आहे. परंतु तो वापरण्यासाठी खिशात पैसे लागतात. ज्यांच्या खिशात होते त्यांनी मुले इंग्रजी शाळेत घातली, आणि आज या सभागृहातील बहुतेकांची नातवंडे तेथेच असतील. त्यात दोष काढण्याचे कारण नाही. मात्र त्याचा परिणाम पाहिला पाहिजे. सुस्थितीतील मुले गेली, मराठी शाळेत उरली ती मजुरांची मुले. निकाल उतरला. निकाल उतरला म्हणून आणखी काही पालक गेले. पट कमी झाला, निवृत्त शिक्षकांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, निकाल आणखी उतरला. हे चक्र असेच फिरत राहिले, तर सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा आपल्या बाजूने लागला तरी त्या दिवशी मराठी शाळेत बसायला मूल नसेल. मराठीचा प्रश्न आणि गरिबीचा प्रश्न आता एकाच बाकावर येऊन बसले आहेत. मराठीचे सीमाभागातील अखेरचे राखणदार विडी वळणाऱ्या, माग चालविणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या घरांतील मुले आहेत. त्यांना नापास होऊ देणे म्हणजे आपला दावा आपणच मागे घेणे होय.

करता येण्याजोग्या चार गोष्टी सांगतो, कारण माजी विद्यार्थी समोर बसले असताना केवळ विवेचन करून थांबणे बरे नाही.

पहिली गोष्ट फलकाची. आपल्या शाळेच्या निकालफलकावर टक्केवारीच्या शेजारी दोन आकडे आणखी लिहावेत: तीन वर्षांपूर्वी आठवीच्या पटावर किती मुले होती, आणि त्यांपैकी किती आज उत्तीर्ण झाली. याला पैसा लागत नाही, धैर्य लागते. एका शाळेने हे केले की पालक दुसऱ्या शाळेलाही तेच विचारू लागतील.

दुसरी गोष्ट संध्याकाळची. सायंकाळी सहा ते नऊ शाळेचे दोन वर्ग उघडे ठेवावेत. दिवे असावेत, पंखा असावा, मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा उप्पीट असावे, आणि शंका विचारायला कोणीतरी मोठे माणूस असावे. ज्या मुली विडीच्या कामामुळे येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी जाऊन आईशी बोलावे. आईला शिक्षणाचे महत्त्व पटवावे लागत नाही, ते तिला आपल्याहून अधिक कळते. तिला फक्त त्या दोन तासांचा हिशेब बसवून द्यावा लागतो. विडी कामगार कल्याण निधीचा कायदा १९७६ चा आहे आणि त्यातून या मुलांना शिष्यवृत्ती मिळते. पण ओळखपत्र, बँकेचे खाते आणि अर्ज या तीन उंबऱ्यांवर अनेक घरे अडखळतात. निवृत्त बँक कर्मचारी आणि कारकून मंडळी येथे पुष्कळ आहेत. त्यांनी जून-जुलैत आठवड्यातून एक दिवस येथे टेबल टाकून बसावे.

तिसरी गोष्ट वाचनाची. आठवीत आलेल्या प्रत्येक मुलाकडून पहिल्याच आठवड्यात एक साधा उतारा वाचून घ्यावा. ज्याला तो वाचता येत नाही, त्याला इतिहास-विज्ञानाचे धडे पाठ करायला लावणे म्हणजे पाया नसताना कळस चढविणे. पहिले तीन महिने त्याला वाचायलाच शिकवावे. त्याच वेळी डोळे तपासून घ्यावेत. मागच्या बाकावरचा ‘ढ’ मुलगा पुष्कळदा फळा न दिसणारा मुलगा असतो.

चौथी गोष्ट कन्नडची. हे काहींना रुचणार नाही. आपले भांडण सक्तीशी आणि अन्यायाशी आहे, त्या थोर भाषेशी नाही. मजुराच्या मुलाला उद्या कचेरीत, न्यायालयात, पोलीस ठाण्यात, बँकेत कन्नडशिवाय पाऊल टाकता येत नाही. सुस्थितीतील मुलगा पुण्याला निघून जातो. गरिबाला येथेच राहायचे असते. त्याला उत्तम मराठीबरोबर उत्तम कन्नडही शिकविणे हे त्याच्यावरील उपकार नव्हेत, ते त्याचे देणे आहे. शेजारच्या कन्नड शाळेतील एखाद्या चांगल्या शिक्षकाला सन्मानाने बोलवावे, आणि तेथील मुलांसाठी आपली अभ्यासिकाही खुली ठेवावी.

या चार गोष्टींनी शासनाची जबाबदारी सुटत नाही. रिक्त जागा भरणे, गरीब वस्तीतील शाळेला अधिक शिक्षक आणि अधिक निधी देणे, अभ्यासिकांना आणि वसतिगृहांना अर्थसंकल्पात स्थान देणे हे शासनाचेच काम आहे, आणि ते आपण मागितले पाहिजे. मराठी शाळांसाठी तर मागितलेच पाहिजे, पण त्याच श्वासात कन्नड आणि उर्दू शाळांसाठीही मागितले पाहिजे. मागणी न्यायाची असेल तर ती सर्वांसाठी करावी लागते. तशी ती केली तर अधिक बळकटही होते.

मित्रहो, माध्यमिक शाळा हे समाजाचे असे एकच ठिकाण आहे, जेथे वखारीतील बाईचे मूल आणि वखारीच्या मालकाचे मूल एका रांगेत उभे राहू शकते. ही रांग मोडू लागली आहे. ती मोडली तर फक्त एका शाळेचा निकाल घसरणार नाही. ज्या फुले-शाहू-आंबेडकरांची नावे आपण सभेच्या प्रारंभी घेतो, त्यांच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या कामाचा निकाल त्याबरोबर लागेल. येत्या जूनमध्ये आठवीच्या पटावर जितकी नावे लिहिली जातील, तितकी सर्व नावे तीन वर्षांनी दहावीच्या परीक्षेला बसलेली असावीत, एवढाच संकल्प या शाळेने आणि आपण माजी विद्यार्थ्यांनी करावा, अशी माझी विनंती आहे.